समिती जेवून गेली

सारी-बेल, ३ नोव्हेंबर

झानिश,

मागची दोन पत्रं न फोडता परत आली. टपाल कचेरीतली बाई म्हणाली, "पत्ता चुकला असेल, मास्तर." मीही तेच खरं धरून बसलो. आता तुझा पत्ता चुकायचं कारण उरलेलं नाही. तुझं नाव जिल्हा कचेरीच्या भिंतीवर डकवलंय, छापील, मंत्रालयाच्या शिक्क्याच्या वर.

मी ते उभ्याउभ्या वाचलं, पहिलीतल्या पोरासारखे ओठ हलवत. मागे गिरणीच्या रांगेतली माणसं जमली. "मास्तर, पोरानं काय लिहिलंय ते जरा मोठ्यानं वाचा की," कुणीतरी म्हणालं. मग वाचलं. वर्गात वाचायचो तसंच, स्वल्पविरामापाशी थांबून. ज्या घरांना हा हिवाळा निभावणार नाही त्यांना सरकार पीठ, तेल आणि कोळसा देणार. कुणाला निभावणार नाही हे ठरवायला समिती घरोघर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहणार. खाली तू.

अभिमान वाटला नाही असं कसं म्हणू? पाचवीच्या खोलीतली शेगडी आठवली. कोळसा सरकारचा, फुकटचा. ओले हातमोजे तिच्या कडेला वाळत घातलेले, त्यांची वाफ, आणि सगळा वर्ग एका सुरात ती बर्फात वाट चुकलेल्या घोडेस्वाराची कविता म्हणतोय. तू पहिल्या बाकावर, सगळ्यांच्या अर्धी ओळ पुढे. तेव्हा पीठ कुठून येतं हे कुणी विचारत नव्हतं. देश नवा झाला, नोटा नव्या आल्या, आणि पीठ कुठून येतं हे आता शेंबडं पोरही विचारतं.

वाचून झाल्यावर लोक काय म्हणाले ते तुला कळायला हवं, तिकडे कुणी सांगणार नाही. आपल्या शेजारचा मामिर, सामुदायिक शेतीचा ट्रॅक्टर चालवायचा तो, म्हणाला, "समिती बघायला येणार? मग माझी बाटली बघून जाईल." उलबाला आपा म्हणाली, "सगळ्यांना सारखं द्या म्हणावं. भूक काय पेन्शन बघून लागते?" कुणी म्हणालं, पीठ नको, साखर कारखाना सुरू करा. कुणी म्हणालं, ही सगळी परदेशी कर्जवाल्यांची अट आहे, झानिश बिचारा काय करणार. तुझा धाकटा भाऊ एसेन भिंतीला टेकून ऐकत होता. रशियातलं त्याचं बांधकाम बंद पडल्यापासून तो भिंतींना टेकूनच असतो. तो एवढंच म्हणाला, "दादा घरी यायला तयार नाही आणि समिती पाठवतोय." सगळे हसले. मीही हसलो.

तू इथेच वाढलास, म्हणून विचारतो. उंबऱ्याच्या आत आलेला माणूस इथे कोण असतो हे तू विसरलास का? समितीला घरात पाठवू नकोस. गिरणीच्या आवारात तराजू लाव आणि माणशी मोजून दे. ज्याच्या घरात आहे तो बर्फात उभा राहायला येणार नाही. एवढं सोपं आहे.

चार वर्षांपूर्वी तू दस्तरखानाशी, सगळे जेवणाच्या चादरीभोवती बसलेले असताना, विजेचे दर का वाढले पाहिजेत ते समजावत होतास. तेव्हा मी ती मेंढरांना शहाणपण शिकवणाऱ्या लांडग्याची कविता म्हटली आणि सगळे तुझ्याकडे बघून हसले. तू ती अंगाला लावून घेतलीस. खोली गप्प झाली होती म्हणून मी म्हटली, दुसरं काही मनात नव्हतं. तुला ती पाठ होती. पुढची ओळ तू म्हणशील असं वाटलं होतं.

बाप


सारी-बेल, १९ नोव्हेंबर

झानिश,

तुझी समिती काल आपल्या गल्लीत जेवून गेली. जेवून असंच लिहितो, दुसरा शब्द लागू पडत नाही.

सकाळी उलबाला आपा माझ्या दारात. "मास्तर, तुमचा मोठा लोकरी नमदा द्या अंथरायला. माझा उंदरांनी खाल्लाय."

मी म्हणालो, "आपा, खाल्लेलाच अंथर. त्यांना तेच बघायचंय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाजारात नागडा उभा आहे. "उघड्या जमिनीवर पाहुणा बसवू? माझा म्हातारा थडग्यात कूस बदलेल. नमदा देताय की जाऊ?"

दिला. मग कपाटातले निळ्या फुलांचे पेलेही दिले, तुझ्या आईचे. गल्लीतल्या कुणाकडे साखर होती, कुणाकडे मनुका, एकाकडे मुरांबा. खालच्या घरवाल्यांनी शेवटची मेंढी कापली. तळलेल्या बोरसोकचा, कणकेच्या त्या गोळ्यांचा, वास गल्लीभर सुटला, आणि खरं सांगतो, क्षणभर जुने दिवस आल्यासारखं वाटलं. मेच्या सणाला असाच वास यायचा.

समितीत दोघं. एक राजधानीतून आलेला, चष्मेवाला, हातात छापील कागद. दुसरा कुबात, जिल्ह्याचा उपप्रमुख. माझा विद्यार्थी, तुझ्या दोन वर्षं मागे होता. कविता म्हणताना डोळे मिटायचा तो. ते पुढच्या दारानं एका घरातून बाहेर पडले की मागच्या भिंतीवरून नमदा पुढच्या घरात जायचा. पेले जायचे. मेंढीचं डोकंही जायचं, ताटासकट, वरून फडकं झाकून. बायका हसू दाबत होत्या. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही एवढंच सगळ्यांच्या डोक्यात. समिती कशासाठी आलीय हे जणू कुणाला ठाऊकच नव्हतं.

ते माझ्याकडे आले तेव्हा मीही मांडलं. शेवटचा मध मांडला. मी तुला शहाणपण शिकवलं, पण माझ्या दारात माणूस आला तेव्हा माझे हात आपोआप चालले.

कुबातनं डोकं समोर ओढलं, रीतीप्रमाणे कान कापून गल्लीतल्या पोराला द्यायचा म्हणून सुरी घेतली, तर कान आधीच कापलेला. तो माझ्याकडे झुकला. "मास्तर, हे डोकं आज मी दुसऱ्यांदा खातोय."

"मग तसं लिही," मी म्हणालो.

"काय लिहू? उलबाला आपानं नमदा मागून आणला? ते कागदावर चढलं की कचेरीच्या भिंतीवर लागणार. सगळा जिल्हा वाचणार. ती पुन्हा गिरणीवर तोंड दाखवेल?"

"कुबात, लोक उपाशी मरतील."

"मरायचं ते मरतील, पण भिकारी म्हणून नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत." हे बोलताना तो हसत नव्हता. चष्मेवाल्यानं विचारलं, नमदा आहे? मांस आहे? गोड आहे? कुबातनं प्रत्येकाला हो म्हटलं.

फक्त मामिरच्या घरी काही नव्हतं. तो पिऊन पडला होता. समितीला बिनसाखरेचा काळा चहा मिळाला, तोही थंड. ते कळल्यावर गल्ली त्याच्या दारावर थुंकली. त्याचा बाप जिवंत असता तर त्यानं मामिरला गोठ्यात झोपवलं असतं, असं उलबाला आपा म्हणाली.

आता सगळं तुझ्या हातात आहे. त्या कागदांवर जे आहे ते खोटं आहे, आणि खोटं कुणीच बोललेलं नाही. तुझ्याशिवाय हे कुणाला समजणार? वरून एक ओळ पाठव की कागद रद्द. एसेनची बायको पोटुशी आहे. तिला बोरसोकचा चुरा फडक्यात बांधून ठेवताना मी पाहिलं.

वाट पाहणारा


सारी-बेल, ६ डिसेंबर

झानिश,

अक्षर वाकडं आलंय. डावीकडचे दात गेलेत आणि डोकं सारखं ठणकतं.

भिंतीवर निकाल लागला. आपल्या गल्लीत मदत एका घराला, मामिरच्या. बाकी सगळे संपन्न. संपन्न हा शब्द मी वर्गात शिकवायचो तेव्हा उदाहरणाला घर शोधावं लागायचं. आता गल्लीच्या गल्ली आहे.

दोन दिवस लोक येऊन तो कागद वाचून जात होते. तिसऱ्या दिवशी मामिरच्या दारात सरकारी गाडीनं पोती उतरवली. तो शुद्धीत होता, बिचारा खूश होता. "या रे, भाकरी खायला या सगळे," असं गल्लीत ओरडत होता. मला वाटतं त्यालाही तेव्हा दस्तरखान मांडायची हौस आली होती.

लोक आले. भाकरी खायला नाही. "आमची लाज विकून पीठ घेतलंस," कुणीतरी म्हणालं. तो म्हणाला, "मी काय विकलं? मी झोपलो होतो." यावर कुणी हसायला हवं होतं. त्याऐवजी फावड्याचा दांडा त्याच्या तोंडावर बसला. तो पडल्यावर लाथा बसू लागल्या. रिकाम्या पोटाच्या माणसांत एवढा जोर कुठून येतो? बरगड्यांचा आवाज येत होता, वाळक्या सरपणासारखा. एकानं विळ्यानं पोती फाडली आणि पीठ बर्फात सांडलं. भुकेली माणसं त्याच पिठावर बूट घासत होती. वाचवायचं कुणाला सुचलं नाही. मामिरचा डोळा फुटला. तो त्यावर हात दाबून पिठात लोळत होता, चेहरा पांढरा आणि लाल.

मी मध्ये गेलो. "ही माझी शाळा आहे, थांबा," असं काहीतरी बोललो. वेडेपणाच. शाळा कुठली? पण त्यांतल्या प्रत्येकाला मी अक्षर शिकवलंय. तेव्हा मला फटका बसला. कुणाचा ते दिसलं नाही, पाठीमागून होता. तसं लिहून ठेवतो.

एसेन बरा आहे. रोज संध्याकाळी माझ्यासाठी दूध गरम करून आणतो, उंबऱ्यात ठेवतो आणि आत न येता जातो.

मामिरला इस्पितळात नेलं. कुबात स्वतः गाडी घेऊन आला होता. लोकांनी गाडीवर दगड मारले. तो काच खाली करून म्हणाला, "मला आठ दिवस द्या. मी वर लिहिलंय, पुन्हा पाहणी मागितलीय." उलबाला आपा म्हणाली, "पुन्हा जेवायला येणार का?" आणि गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

त्यानं वर लिहिलं ते तुझ्याच टेबलावर आलं असेल. उत्तर दे. मला नको देऊस, त्याला दे.


सारी-बेल, १५ डिसेंबर

झानिश,

कुबात मेला. रेडिओवर गर्दी, चेंगराचेंगरी असं काहीतरी सांगतायत. चेंगराचेंगरी झाली नाही. मी तिथे होतो, जे पाहिलं ते लिहितो.

आठ दिवस झाले, वरून काही आलं नाही. मग लोक कचेरीवर गेले. सगळ्या गल्ल्यांतले. बायका पुढे, हातात रिकाम्या पराती, त्या वाजवत. पोलिसांनी हवेत बार काढले आणि पहिल्याच धक्क्याला फाटक सोडून पळाले. खिडक्या फुटल्या. वरच्या मजल्यावरून टाइपरायटर खाली आला, एका पोराच्या खांद्यावर. खुर्च्या जळायला लागल्या. कुणी ओरडत होतं की प्रमुख मागच्या दारानं गेला. कुबात गेला नव्हता. तो जिन्यावर उभा होता, दोन्ही हात पुढे धरून.

"ऐका, ऐका माझं," तो म्हणत होता. ऐकलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं ते मला ठाऊक आहे. तुमची लाज राखायला मी खोटं लिहिलं. हे सांगितल्यावरही मारलंच असतं म्हणा.

त्याला पायऱ्यांवरून ओढून आणला. कपडे फाडले. थंडी एवढी की रक्त वाहण्याआधी गोठत होतं. चाबकाचे वळ त्याच्या पाठीवर निळे उठले. मग खालच्या घरवाल्यानं बर्फावर दस्तरखान पसरलं, खरंखुरं, भरतकाम केलेलं, आणि मधोमध पिठाचं पोतं उपडं केलं. कचेरीच्या गोदामातलं होतं. "बस, पाहुण्या," तो म्हणाला. "आमच्याकडे खाल्लंस ना, अजून खा."

आणि त्याला पीठ चारलं, झानिश. कोरडं. मुठीमुठीनं. तो खोकला की पांढरा ढग उडायचा आणि लोक हसायचे. ते हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं. एक जण त्याचे केस धरून होता, एक जण नाक दाबून होता, आणि एक जण दोन्ही हातांनी जबडा उघडून धरून होता. मी कोपरांनी वाट काढत पुढे जात होतो. मी त्याचं नाव घेत होतो आणि त्याच वेळी जबडा धरणाऱ्याचंही नाव घेत होतो. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. कुबातचे डोळे आधी उघडे होते, मग त्यानं मिटले, कविता म्हणताना मिटायचा तसे, आणि टाचा बर्फावर घासल्या गेल्या, आणि थांबल्या.

तेवढ्यात सैन्याच्या गाड्या आल्या. त्यांनी हवेत बार काढले नाहीत. परात हातात असलेली एक बाई माझ्या पुढ्यात बसली, जशी थकून बसावी, आणि परत उठली नाही. मग पळापळ झाली. मी पळू शकलो नाही म्हणून कुणी माझ्यावर गोळी झाडली नाही, असं वाटतं.

मी आता लपवत नाही. जबडा एसेननं धरला होता. मामिरच्या दारात माझे दात पाडले तेही त्यानंच. त्याला तेव्हा मी आहे हे दिसलं नव्हतं. तो घरी नाही. माझी शिकारीची बंदूक खुंटीवर नाही.


सारी-बेल, २८ डिसेंबर

झानिश,

तू आलायस. नदीपलीकडच्या सरकारी विश्रामगृहात उतरलायस, नव्या चौकशीचा प्रमुख म्हणून. सगळ्या गावाला ठाऊक आहे. माझ्या खिडकीतून तुझी जीप दिसते. पूल ओलांडायला पाच मिनिटं लागतात आणि तू शिपायाकरवी चिठ्ठी पाठवलीस. चार वर्षांत तुझं पहिलं अक्षर: "बाबा, एसेन कुठे आहे ते मला सांगा. माझ्या हाती आला तर न्यायालयापर्यंत जिवंत जाईल. दुसऱ्या कुणाच्या हाती लागला तर नाही."

अक्षर छान आहे. अजूनही ओळी सरळ येतात.

उत्तर: मला ठाऊक नाही.

आता इथलं ऐक. परवा पिठाच्या गाड्या आल्या, एकामागोमाग एक. पाहणी नाही, कागद नाही. गिरणीच्या आवारात तराजू लावून माणशी मोजून पीठ दिलं. मी नोव्हेंबरात लिहिलं होतं अगदी तसं. रांगेत लोक काय बोलत होते ते सांगतो, तुझ्या अहवालात घालायला.

उलबाला आपा म्हणाली, "कुबात मेला नसता तर हे आलं असतं का? खरं बोला."

कुणी खोटं बोललं नाही.

"एसेनचं पोर जन्माला आलं की नाव ठेवायला सगळी गल्ली येणार," खालच्या घरवाला म्हणाला. "त्यानं गावाला जेवू घातलं."

मामिर काठी घेऊन आला होता, एका डोळ्यावर पट्टी. त्याला रांगेत पुढे जागा दिली, पाठ थोपटली. ज्यांनी मारलं त्यांनीच. तो म्हणाला, "मास्तर, म्हणजे मी उगाच मार खाल्ला. थोडं थांबले असते तर सगळ्यांनाच मिळालं असतं." मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. त्याचं पोतं मी उचलून घरी नेलं.

सरकारनं लोकांना काय शिकवलं ते लिही, झानिश. विनवलं, थांबलो, लिहिलं तेव्हा काही नाही. माणूस पिठानं गुदमरवला तेव्हा गाड्या. पुढच्या हिवाळ्यात हे लोक विनवणी करायला जातील असं वाटतं का तुला?

भाकरी चांगली होते या पिठाची. एसेनच्या बायकोनं भाजली, मी खाल्ली. हेही लिही.

पुन्हा चिठ्ठी पाठवू नकोस. यायचं तर ये.


सारी-बेल, २ जानेवारी, दुपार
कुबातच्या घरून

झानिश,

हे पत्र आणणारी मुलगी कुबातची बायको आहे. तिला दारात उभी ठेवू नकोस आणि तिला काही विचारू नकोस. आधी शेवटपर्यंत वाच, लगेच.

आज मी कुबातच्या आईकडे सांत्वनाला आलो. गावातून फारसं कुणी आलेलं नाही, भीतीनं म्हण किंवा लाजेनं. रीत आहे म्हणून मी गल्लीच्या तोंडापासून मोठ्यानं रडत आलो. "माझ्या वाघा, माझ्या आधारा" असं पुरुष ओरडतात ना, तसं. आधी रीत म्हणून ओरडत होतो. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा आवाज माझ्या ताब्यात नव्हता. कुणासाठी रडत होतो ते मला सांगता यायचं नाही. दोघंही माझ्याच बाकांवर बसले होते.

सोनुन आपानं, त्याच्या आईनंच, फाटक उघडलं. तिला सगळं ठाऊक आहे. जबडा कुणी धरला हे गावात कुणाला ठाऊक नाही? तिनं मला हाताला धरून आत नेलं, वरच्या जागेवर बसवलं आणि दस्तरखान मांडलं. भाकरी, चहा, लोणी. मी म्हणालो, "आपा, माझ्यासाठी नको." ती म्हणाली, "दारात आलेला पाहुणा आहे. माझ्या पोरानं तुमच्या गल्लीत खाल्लं, तुम्ही इथे खा." मग भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "सरकारचं पीठ आहे. गिरणीवर मलाही मोजून दिलं."

मी घास तोंडात घातला. दात नाहीत, चावता येत नाही, तोंडात फिरवत राहिलो. तो गिळल्यावर तिनं विचारलं, "मास्तर, तो कुठे आहे?"

झानिश, एखाद्याची भाकरी तोंडात घेतल्यावर त्याच घरात बसून खोटं कसं बोलायचं? तुला कागदावर खोटं सांगितलं, ते सोपं होतं. मध्ये नदी होती. इथे ती माझ्यासमोर बसली होती. पेला माझ्याकडे सरकवत होती, काठोकाठ भरलेला, तरी एक थेंब सांडू देत नव्हती.

मी सांगितलं.

तिनं उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. मग म्हणाली, "माझे भाऊ खालच्या गावातून घोडे घेऊन निघालेत. चहा घेतील आणि वर जातील. मी त्यांना थांबवणार नाही. मला तेवढं बळ नाही, आणि मनही नाही."

मी म्हणालो, "माझा मोठा नदीपलीकडे आहे."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "मग त्यालाही सांगा. मला सांगितलंत, त्यालाही सांगा. मग मला कुणाचं देणं राहणार नाही." सुनेला हाक मारून तिनंच कागद आणि पेन आणून दिलं. ती माझ्यासमोर बसलीय. मी काय लिहितोय ते विचारत नाही.

तो तुझ्या आजोबांच्या हिवाळी मेंढवाड्यात आहे, कारूल खिंडीच्या वर, दगडी गोठ्यात. जीप लाकडी पुलापर्यंत जाईल. पुढे पायी. घोडे नदीच्या काठानं वळसा घेऊन येतात, जीपला रस्ता सरळ आहे. आत्ता निघालास तर तू आधी पोचतोस. चहा पिऊन निघालास तर नाही.

पोलिसांना पुलाशी थांबव. वर एकटा जा. त्याच्याकडे बंदूक आहे आणि तो माणूस राहिलाय की नाही मला माहीत नाही. उघड्यावरून चाल, आडोशानं जाऊ नकोस. चालताना सारखं बोलत राहा, मोठ्यानं, म्हणजे आवाज ओळखेल. काय बोलावं सुचलं नाही तर त्याच्या बायकोबद्दल सांग. काल पोर झालं. मुलगी आहे. त्याला अजून कळलेलं नाही. गावाला नाव ठेवायला येऊ देणार नाही असं तिनं आज सकाळीच सांगून टाकलंय, तेही सांग.

तो तुझ्यावर बंदूक रोखेल. ती रोखलेली असतानाच पुढे जा. हे मी तुला, एका मुलासाठी दुसऱ्या मुलाला, सांगतोय हे मला कळतंय.

त्याला वाचवून त्याच्यावर उपकार होणार नाहीत. तो तुरुंगात जाईल, तिथे म्हातारा होईल. जाऊ दे. कुबातला म्हातारं व्हायचा हक्क होता, तो त्यानं काढून घेतला. पण सोनुन आपाचे भाऊ त्याला दोराला बांधून घोड्यामागून खाली आणतील, आणि मग त्याचा मुलगा नाही तरी आपल्या घरातलं कुणीतरी घोड्यावर खोगीर चढवेल, आणि पुढचं पीठ आलं तरी हे चालूच राहील.

मी इथून उठणार नाही. तिच्या भावांना मी इथेच बसलेलो दिसेन. तुला उशीर झाला तर एसेनच्या बदल्यात घ्यायला माझं डोकं तरी त्यांच्यासमोर असेल. असं मी तिला म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "बसा, मास्तर. घरात पुरुष माणूस हवाच."

एक गोष्ट कबूल करून बसलोय, ती पाळ. तो जिवंत हाती आला तर तुरुंगाच्या गाडीनं परस्पर नेऊ नकोस. जीप या गल्लीतून आण, या फाटकाशी थांबव. त्याला खाली उतरव. हात बांधलेले असू देत. तिला त्याचं तोंड बघायचंय. ती काय करेल ते ती सांगत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

फाटक उघडं ठेवलंय.

बाप